एररबाईचे दोन मार्क

कॉलेजात आमच्या आत्याला खऱ्या नावानं ओळखणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे पगाराची पावती. बाकी प्राचार्यांपासून पाणी भरणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांसाठी ती एररबाई. तोंडावर ‘मावशी’, पाठ फिरली की एररबाई. तिलाही ते माहीत होतं. ‘मावशी कुणीही होतं, एररबाई मी एकटी,’ असं ती घरी सांगायची. त्यात तक्रार किती आणि तोरा किती, हे आतोबांनाही कधी कळलं नाही.

संगणकाच्या लॅबमध्ये ती एकवीस वर्षं परिचर होती. सकाळी साडेआठला दार उघडायचं. सहा रांगांतली बेचाळीस यंत्रं पुसायची, एकेक चालू करायची. कुठला माऊस मेलाय, कुठल्या कीबोर्डचं कुठलं बटण रुसलंय, ते वहीत लिहायचं. मग पोरं आली की दारापाशी उंच स्टुलावर बसून त्यांच्या पाठींकडे बघत राहायचं. तोंड बघून मनातलं ओळखणारी माणसं पुष्कळ असतात. आत्या पाठ बघून ओळखायची की ह्याचा प्रोग्रॅम अडलाय. मग ती उतरायची, त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायची आणि बाजारात ‘चोर!’ म्हणून ओरडावं तशी ओरडायची, “एरर!”

एकेचाळीस माना वळायच्या.

“ओळ नऊ. कंस उघडलास. बंद कोण करणार, तुझे तीर्थरूप?”

आणि कंस खरोखर नवव्या ओळीतच उघडा असायचा.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण एकवीस वर्षं तेच तास, तेच फळ्यावरचे प्रोग्रॅम आणि त्याच त्या चुका बघत बसल्यावर दगडालाही दोन गोष्टी कळल्या असत्या, आणि आत्या काही दगड नव्हती. दगड शांत असतो. आत्याचा राग नाकावर नव्हता. नाकावरचा राग शिंकेबरोबर निघून जातो. हिचा राग तळपायातून निघायचा, मस्तकापर्यंत रीतसर पोचायचा आणि पोचल्यावर तिथं मुक्काम करायचा.

मी त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला दाखल झालो, त्याच्या आदल्या वर्षी एक परिपत्रक निघालं. लॅबमधल्या परिचरांनी ‘प्रोग्रॅमिंगची ओळख’ ही पहिल्या वर्षाची परीक्षा पास व्हायची. तीन संधी. तिन्ही वेळा नापास, तर तळघरातल्या दफ्तरखान्यात बदली. दफ्तरखाना म्हणजे बिनखिडकीची खोली, एक दिवा आणि छतापर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथं बसणारा आधीचा माणूस जेवणाच्या सुट्टीत वर आला की घुबडासारखे डोळे मिचकावायचा.

“एकवीस वर्षं ह्यांची यंत्रं जिवंत ठेवली,” आत्या म्हणाली, “आणि मला पुरणार मेलेल्या कागदांत!”

पहिल्या खेपेला तिला एकोणतीस मार्क मिळाले. पास व्हायला चाळीस लागायचे. त्याचं कारण ऐकलं तर तुम्हालाही राग येईल. परीक्षा संगणकाची, पण संगणक बंद. तीन तास कागदावर पेनानं प्रोग्रॅम लिहायचे. आत्यानं आयुष्यात हजेरीवही आणि किराणा मालाच्या यादीपलीकडे सलग काही लिहिलेलं नव्हतं. पाच प्रश्नांपैकी तीन लिहून होईतो घंटा झाली.

“पोहण्याची परीक्षा कोरड्या विहिरीत घेतात का रे?” तिनं मला विचारलं. “वर पुन्हा विचारतात, हात नीट का नाही मारलेस!”

मग तिनं लिहायचा सराव केला. रोज संध्याकाळी स्वयंपाक चुलीवर चढवून ती ओट्यापाशी उभ्यानं वही भरायची. आतोबा शिवणकामाच्या दुकानात कापड कापायचे. त्यांनी दुकानातून खडूनं आखायची लांब पट्टी आणून दिली, तिनं ओळी सरळ ठेवायला. दुसऱ्या खेपेला, म्हणजे मी कॉलेजात आल्यावर झालेल्या सहामाही परीक्षेत, तिनं पाचही प्रश्न लिहिले. मार्क पडले अडतीस.

अडतीस हा आकडा फार वाईट. वीस मिळाले तर माणूस गप्प बसतो. अडतीस मिळाले की तो दोन मार्क शोधायला निघतो.

उत्तरपत्रिका बघायला मिळत असे. आत्यानं बघितली. पाचव्या प्रश्नाचा पहिला भाग, दोन मार्कांचा, त्यावर लाल फुली. प्रश्न असा होता. एका प्रोग्रॅममध्ये लूप आहे. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी फिरकी. एकापासून सुरू कर. आकडा छाप. त्यात तीन मिळव. वीसच्या आत आहेस तोवर हेच करत राहा. तर एकूण किती आकडे छापले जातील? आत्यानं लिहिलं होतं, सात. शेजारी सातही आकडे लिहून दाखवले होते: एक, चार, सात, दहा, तेरा, सोळा, एकोणीस. त्या सातही आकड्यांवरून लाल पेन आडवं गेलं होतं.

आत्या लॅबमध्ये आली, पहिल्या रांगेतलं पहिलं यंत्र चालू केलं आणि तो प्रोग्रॅम जसाच्या तसा घातला. हातच्या काकणाला आरसा कशाला! पडद्यावर एकाखाली एक सात आकडे उभे राहिले. तिनं दुसऱ्या यंत्रावर घातला. सात. तिसऱ्यावर घातला. मी तिथंच होतो. मी म्हटलं, “आत्या, बेचाळीसही यंत्रांवर सातच येणार.”

“मला माहीताय,” ती म्हणाली. “पण ह्यांनी साक्षीदार मागितले तर कमी पडायला नकोत.”

सात आकड्यांचा कागद छापून घेऊन ती परीक्षाप्रमुखांकडे गेली. ह्या सरांना पोरं ‘बघूया सर’ म्हणायची. पंखा पडला तरी सर “बघूया” म्हणतील आणि पडलेल्या पंख्याकडे बघतील, अशी त्यांची ख्याती. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

सरांनी कपाटातून नमुना उत्तरपत्रिका काढली. पेपर तपासणाऱ्यांनी ज्याच्याशी ताडून मार्क द्यायचे, तो हा कागद.

“हे बघा बाई. इथं सहा आहे.”

“आणि इथं सात आहे,” आत्यानं आपला कागद पुढं केला. “यंत्रानं सांगितलंय.”

“यंत्राचं ठीक आहे हो. पण तपासणी नमुन्याप्रमाणे होते. फेरतपासणी मागितलीत तरी नमुना हाच. पुन्हा सहाच निघणार.”

“म्हणजे यंत्र चुकलं?”

“तसं नाही...”

“मी चुकले?”

“बघूया,” सर म्हणाले.

आत्या बघत होतीच. पण नमुन्याकडे. त्या कागदावर उजवीकडे, सहाच्या शेजारी, चहाच्या कपाचा गोल डाग होता. पूर्ण गोल नव्हे, पाऊण. वर एका ठिकाणी ओघळ. तिला वाटलं, सरांनी कप ठेवला असेल. ती फणफणत परत आली.

त्या वेळी लॅबच्या मागच्या रांगेत आम्ही चौघं पाचजण वार्षिक परीक्षेची तयारी करत होतो. आमची तयारी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे ‘गठ्ठा’ होता. गेल्या चौदा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची सोडवलेली उत्तरं, झेरॉक्सची झेरॉक्स काढत एका तुकडीकडून दुसरीकडे वारसाहक्कानं आलेली. कुणी सोडवली, कधी सोडवली, ते कुणालाच ठाऊक नाही. प्रोग्रॅम समजून घ्यायचा असतो, असा गैरसमज आमच्यात कुणाचाही नव्हता. कुठला प्रश्न किती वेळा आलाय ते मोजायचं, जास्त वेळा आलेला आधी पाठ करायचा. आमच्यातला लंबू पेपरांचा हिशेब ठेवायचा. “लूप किती आकडे छापतं, हा नऊ वेळा आलाय. ह्या वर्षी शंभर टक्के!” असं तो हवामान सांगावं तसं सांगायचा. आणि आमच्यातली स्कॉलर उत्तर वाचून दाखवायची, आम्ही तिच्यामागून म्हणायचो. आमच्या रांगेतली यंत्रं समोर बंद. एकही चालू करायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही, कारण परीक्षेत ती बंदच असणार होती.

आत्या आत आली तेव्हा स्कॉलर वाचत होती, “वीसमधून एक गेला, उरले एकोणीस. एकोणिसाला तीननं भागलं, सहा. बाकी एक, ती सोडून द्या. उत्तर सहा.”

“उत्तर सहा,” आम्ही म्हणालो. पडद्यावरचे सात आकडे नुकतेच बघितलेला मीही.

“काय म्हणालात?” आत्या म्हणाली.

तिनं गठ्ठा ओढून घेतला. पानावर उजवीकडे, सहाच्या शेजारी, कपाचा पाऊण गोल डाग होता. वर ओघळ.

तिनं त्या डागावरून बोट फिरवलं, पार ओघळाच्या टोकापर्यंत. लंबू हळूच आपली बॅग आवरायला लागला.

“हा कप कुणाचा?” तिनं विचारलं.

“कुठला कप, मावशी?”

“हा! ह्या पानावर ठेवलेला!”

“तो आधीपासूनच आहे,” स्कॉलर म्हणाली. “माझ्या ताईच्या वेळीही होता.”

मग आत्यानं आम्हा सगळ्यांना उभं केलं. “रांगेत टेबलं किती? मोजा.” आम्ही मोजली. सात. “आता दोन टेबलांमधल्या फटी मोजा.” सहा. “रोज सकाळी मी सात टेबलं पुसते आणि सहा फटी झाडते. तुमच्या ह्या गाढवानं वजाबाकी करून, भागाकार करून फटी मोजल्या, आणि सांगितलं की टेबलं सहा! आणि बाकी उरली ती सोडून द्या म्हणे. सातवं टेबल सोडून देताय तुम्ही! त्याच्यावर बसणाऱ्या पोरानं जायचं कुठं?”

स्कॉलरनं मान खाली घातली. “मावशी, मला माहीताय सात येतं. मी घरी मोजलं होतं.”

“मग सहा सहा काय घोकत होतीस?”

“सर सहालाच मार्क देतात.”

ह्या वाक्यानं आत्याला जे झालं, त्याला राग म्हणणं म्हणजे वणव्याला शेकोटी म्हणण्यासारखं आहे. गठ्ठा काखेत मारून ती तडक पुन्हा सरांकडे. आम्ही मागं, पण दाराबाहेर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार!

तिनं गठ्ठ्याचं पान आणि नमुन्याचं पान शेजारी शेजारी ठेवलं. सरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. डाग दोन्हीकडे तोच. ओघळही तोच.

हळूहळू सगळी कहाणी सरांच्या तोंडून बाहेर आली. ज्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा काढला, ते गुरुजी कधीच नोकरी सोडून गेलेले. त्यांची खरी उत्तरपत्रिका दफ्तरखान्यात कुठंतरी गडप. पुढच्या सालच्या तपासणीला नमुना हवा म्हणून घाई झाली, तेव्हा कुणीतरी जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलं आणि पोरांच्या गठ्ठ्यातलं पान आणलं. वरचा मथळा बदलला. डाग काही बदलता आला नाही. तेव्हापासून सर पोरांच्या गठ्ठ्यावरून पोरांना तपासत होते. पोरं म्हणायची, सर सहाला मार्क देतात म्हणजे सहाच बरोबर. सर म्हणायचे, इतकी वर्षं झाडून सगळी पोरं सहा लिहितात, म्हणजे सहाच असणार. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं ही म्हण आम्ही ऐकली होती. इथं तर दळणाराही आंधळा आणि खाणाराही.

“म्हणजे सात बरोबर,” आत्या म्हणाली.

“तसं बघायला गेलं तर...” सर म्हणाले.

“मग माझे दोन मार्क द्या. अडतीस आणि दोन चाळीस. मी पास.”

“बाई, समजून घ्या. आता सात म्हटलं तर आधीच्या सगळ्या वर्षांचे निकाल उकरावे लागतील. ज्यांनी सात लिहून दोन मार्क घालवले ते सगळे दारात उभे राहतील.”

“राहू देत की! त्यांचे मार्क आहेत!”

“आणि ज्यांनी सहा लिहिलं त्यांचे कापायचे? त्यातले काही आता इथं शिकवतात.” सरांनी नमुना घडी घालून परत कपाटात ठेवला. मग अगदी मायेनं म्हणाले, “तुम्हाला अजून एक संधी आहे ना? हा प्रश्न येतोच. सहा लिहा आणि मोकळ्या व्हा. कशाला डोक्याला ताप?”

आत्या बाहेर आली ती मान खाली घालून, हातातल्या छापील कागदाची सुरळी करत. मला वाटलं रडतेय. बघतो तर डोळे कोरडे ठणठणीत.

“मला सांगतो, खोटं लिही,” ती म्हणाली. “आणि सांगताना आवाज कसा, तर तापावर औषध देणाऱ्यासारखा!”

त्यानंतरचे दोन महिने ज्याला त्याला एकच सल्ला सुचत होता. आमचे वडील, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, म्हणाले, “अगं, दोन मार्कांसाठी कुणी तळघरात जातं का?” लंबू म्हणाला, “मावशी, पेपरात सहा लिहा, मनात सात म्हणा.” आतोबांनी तर जेवताना आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं.

“गिऱ्हाईक म्हणालं बाही आखूड आहे, तर ती आखूड आहे. टेप काय म्हणते ते त्याला दाखवायचं नाही. उसवायची, लांब करायची, द्यायची.”

“म्हणूनच तुमच्या दुकानातून निघालेली माणसं कोपरापर्यंत बाह्या दुमडून फिरतात,” आत्या म्हणाली.

आतोबा घोटभर पाणी प्यायले. ते मूग गिळणाऱ्यांतले, पण त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारलाच. “मग तू करणार काय? तळघर चालेल तुला?”

“नाही चालणार,” ती म्हणाली. “मला लॅब हवी आहे. माझी आहे ती. आणि मी सातच लिहिणार. ते दोन मार्क त्यांनी खाल्ले असं धरून चालते. माझा पेपर अठ्ठ्याण्णवचा. त्यात चाळीस मिळवून दाखवते.”

हे म्हणणं सोपं होतं. पण पंचेचाळिशी उलटलेल्या आणि दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला मागच्या अडतिसांत दोन मार्क घालणं म्हणजे ओल्या कपड्यातून आणखी दोन थेंब पिळण्यासारखं होतं. आत्यानं पिळले. तिनं गठ्ठ्यातल्या चौदाही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतल्या आणि उत्तरांची पानं दाभणाची शिवण उसवून वेगळी काढली. उत्तरं कपाटात टाकून कुलूप लावलं. “स्वतः सोडवल्याशिवाय ह्या कागदांचं तोंड बघायचं नाही.” रोज लॅब बंद करायच्या आधी तासभर ती एकेक प्रश्न आधी कागदावर सोडवायची, मग यंत्रावर घालायची. यंत्र आणि ती, दोघांचं जुळलं की हिरवी खूण. नाही जुळलं की स्वतःवरच ओरडायची, “एरर!” रिकाम्या लॅबमध्ये तो आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा.

आठवड्यानं कुलूप काढून तिनं गठ्ठ्यातली उत्तरं यंत्राशी ताडली, तर आणखी तीन चुका सापडल्या. एका उत्तरात तर प्रोग्रॅम कधी थांबतच नव्हता. तो घातल्यावर यंत्र इतकं गरगरलं की शेवटी तिनं त्याची वायर काढली. “हे उत्तर पोरांनी सहा वर्षं लिहिलं,” ती मला म्हणाली. “सहा वर्षं, आणि दहापैकी दहा मार्क!”

मी तिच्याबरोबर बसायचो. कबूल करतो, त्या दोन महिन्यांत मी जेवढं शिकलो तेवढं पुढं तीन वर्षांत शिकलो नाही. टेबलं आणि फटी वेगळ्या मोजायच्या असतात, हे माझ्या हाडात शिरलं.

परीक्षेच्या दिवशी पाचव्या प्रश्नाचा पहिला भाग लूपचाच होता. लंबूचं भविष्य खरं ठरलं. आत्या माझ्यापुढं चार बाकं सोडून बसली होती. तिची पाठ मला दिसत होती. त्या प्रश्नाशी ती आली तेव्हा मला कळलं, कारण पाठ ताठ झाली आणि पेन कागदावर असं चाललं की जणू ती काही लिहीत नव्हती, कोरत होती.

मीही त्या प्रश्नाशी आलो. एक, चार, सात, दहा. मला उत्तर माहीत होतं, तिच्यामुळंच माहीत होतं. पण मला पहिला वर्ग हवा होता आणि दोन मार्क म्हणजे दोन मार्क. मी सहा लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

बाहेर पायरीवर तिनं मला गाठलं.

“पाचवा आला ना!”

“आला.”

“काय लिहिलंस?”

मी चपलेच्या टोकाकडे बघितलं. तिनं ओरडायला हवं होतं. चारचौघांत ‘एरर!’ म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं, आणि हलका झालो असतो. ती ओरडली नाही.

“तुझ्या वयाच्या पोरांचं मला काही वाटत नाही रे,” ती म्हणाली. “तुम्हाला शिकवलंच तसं. पण तू तर टेबलं मोजली होतीस.”

आणि ती लॅब उघडायला निघून गेली. दुपारच्या तुकडीचं प्रात्यक्षिक होतं.

निकाल सव्वा महिन्यानं लागला. फलकाशी एवढी गर्दी की लंबूला पुढं पाठवून त्याच्याकडून आकडे वाचून घ्यावे लागले; त्याच्या उंचीचा समाजाला झालेला हा एकच उपयोग. माझा पहिला वर्ग होता. एकाच मार्कानं होता, म्हणजे त्या दोनांतल्या एकानं. मग लंबू ओरडला, “मावशी! एकेचाळीस!”

आम्ही नाचलो. स्कॉलरनं आत्याला मिठी मारली. कुणीतरी आतोबांना दुकानात फोन लावला, तर ते “बरं, बरं, बरं,” असं तीनदा म्हणाले आणि मग नुसता नाक शिंकरल्याचा आवाज आला. तळघर टळलं. लॅब आत्याची राहिली.

आत्या मात्र हसत नव्हती. तिनं उत्तरपत्रिका बघायला मागितली, पाचवा प्रश्न उघडला. पहिल्या भागावर लाल फुली. सातही आकड्यांवरून आडवी रेघ. तिनं पान मिटलं आणि ती सरळ परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग नापासांची. ती मधोमध, हातात अर्ज.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसला.

“मावशी, अहो अभिनंदन! तुम्ही पास आहात.”

“ठाऊक आहे मला.”

“मग ही फेरतपासणी कसली? हा अर्ज नापासांसाठी असतो. वर लिहिलंय बघा.”

“प्रश्न पाच, भाग पहिला. माझे दोन मार्क द्यायचे राहिलेत.”

“एकेचाळीसचे त्रेचाळीस होऊन काय फरक पडणार? प्रमाणपत्र तेच, लॅब तीच. चला, पुढचे या.”

पुढचा पोरगा पुढं सरकला. आत्यानं कोपर असं टेकवलं की तो आपोआप मागं गेला.

“नापासच लागतो का अर्जाला?”

“नियमच आहे तसा.”

“मग मला नापास करा. पण मोजा.”

कारकून पुन्हा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मोजा की हो, आम्हाला उशीर होतोय.” दुसरं कुणी म्हणालं, “मावशी, सोडा ना.” तिनं मागं वळूनही बघितलं नाही. उत्तरपत्रिकेचं पान खिडकीच्या गजांखालून आत सरकवलं आणि प्रश्नावर बोट ठेवलं. तिच्या नखाखाली लॅबमधल्या टेबलांची धूळ होती.

“एकापासून सुरू करा. तीन मिळवत जा. वीसच्या आत थांबा. एवढं तर येतं ना?”

ब्याद टळावी म्हणून कारकुनानं डावा हात वर धरला आणि अंगठ्यापासून मोजायला लागला. “एक. चार. सात. दहा. तेरा.” डावा हात संपला. त्यानं उजव्या हातातलं पेन खाली ठेवलं आणि तो हात वर घेतला. “सोळा.” अंगठा. “एकोणीस.” तर्जनी.

तो त्या तर्जनीकडे बघत राहिला. मग खिडकीबाहेर रांगेकडे बघितलं, मागं सरांच्या बंद दाराकडे बघितलं, आणि उजवा हात हळूच टेबलाखाली नेला.

“हात वर काढा,” आत्या म्हणाली. “काढा वर. आणि पेन घ्या त्यात.”